एक सुटं काडतूस

रविवार, २४ ऑगस्ट

आज मला आमंत्रण आलं. इथल्या मराठी मंडळाच्या इमेल येतात ती आमंत्रणं नव्हेत, त्या साऱ्या कॅरी गावाला जातात. हे खास मला, तोंडी, कुंपणापाशी उभं राहून दिलेलं.

शेजारचा वॉल्टर. इतकी वर्षं आमची ओळख हात हलवण्यापुरती होती. माझी बायको प्रतिमा गेल्यापासून तो स्वतःचं गवत कापताना माझ्या पुढच्या अंगणातलंही कापून टाकतो. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही नाही. आज मशीन बंद करून म्हणाला, "डेव्ह, तुला पत्ते येतात का?" देवदत्तचा डेव्ह त्यानं पहिल्याच दिवशी केला होता. मी म्हटलं, इंजिनिअरिंगला असताना पुण्यात दुसरं काय केलं आम्ही!

त्याच्या भावाची उत्तरेला रानात जमीन आहे. तिथे लाकडी केबिन आहे. दर नोव्हेंबरात ही म्हातारी मंडळी आठवडाभर हरणाच्या शिकारीला जातात. त्यांच्यातला रॉय मुलीकडे अ‍ॅरिझोनाला कायमचा गेला. "एक कॉट रिकामी आहे, आणि पत्त्यात एक हात कमी पडतो," वॉल्टर म्हणाला. अट एकच. प्रत्येकानं आपली रायफल आणायची. उसनी मिळत नाही, हा त्याच्या वडिलांचा नियम.

मी आयुष्यात झुरळापेक्षा मोठं काही मारलेलं नाही. झुरळंही प्रतिमाच मारायची. तरी मी लगेच हो म्हटलं, आणि घरात येऊन बराच वेळ आपलाच आवाज ऐकल्यासारखा बसून राहिलो.

शनिवार, ३० ऑगस्ट

शिकार-सुरक्षेचा कोर्स ऑनलाइन पूर्ण केला. पैकीच्या पैकी. कुणाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

रायफल कुठली घ्यायची याचा अभ्यास चालू आहे. वॉल्टरचं म्हणणं, पहिली रायफल बोल्ट-अ‍ॅक्शनच हवी. साधी, स्वस्त, बिघडायला काही नाही. बोल्ट म्हणजे आपल्या जुन्या दाराच्या कडीसारखा लोखंडी दांडा. वर उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवीन आत जातं, खाली दाबला की दार बंद. माणसानं एवढं केल्याशिवाय ती दुसरी गोळी झाडत नाही. मला हे आवडलं. विचार करायला वेळ देणारं यंत्र आहे.

तीन स्थळं काढली आहेत. पहिली सर्वांत स्वस्त, प्लास्टिकचा दस्ता, वजनाला हलकी. पण हलकी म्हणूनच खांद्याला धक्का जबरदस्त देते म्हणे. दुसरी अक्रोडाच्या लाकडाची, घरंदाज, बोल्ट लोण्यासारखा सरकतो आणि किंमतही घरंदाज. तिसरी दिसायला बेताची पण गुणी. ट्रिगर आपल्याला हवा तसा हलका-जड करता येतो, नेम चोख, दुर्बीण बरोबरच बसवून मिळते. शिवाय तिच्यात लहान काडतुसाची जात आहे, ती म्हाताऱ्या खांद्याला सोसते.

औषध कंपनीत जन्मभर क्वालिटी पाहिली, त्यामुळे सवयीनं तक्ता केला. आमच्याकडे फ्रिज असो की गाडी, तक्ता मी करायचो आणि प्रतिमा तो न वाचता निवड करायची. तिची निवड कधी चुकली नाही. आज तक्ता पूर्ण झाला आणि मी तो उगाच छापून डायनिंग टेबलवर ठेवला.

शनिवार, ६ सप्टेंबर

चांगलाच वैतागलो आहे. दुकानात जाऊन हात हलवत परत आलो.

काउंटरवर डार्लीन नावाची साठीची बाई होती. चष्मा गळ्यात, बोलायला गोड. तिनं तिसरी रायफल काढून दिली. बोल्ट मागेपुढे केला, जरा खरखरीत पण प्रामाणिक वाटला. मी म्हटलं, हीच. भारीतली नको, एकदाच वापरायची आहे. खरंच आहे ते. एका वर्षानंतर माझे गुडघे मला रानात नेतील असं वाटत नाही.

मग काडतुसं. ती वीसची पेटी काढायला लागली. मी विचारलं, एक सुटं मिळेल का?

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "एक?"

"एकच पुरे. उरलेली एकोणीस घरात ठेवून काय करू?"

यात काय चुकलं? आमच्याकडे नारळ, उदबत्तीचा पुडा, डोकेदुखीची गोळी, सगळं एक एक मिळायचं. लागेल तेवढं घ्यावं, उगाच साठवू नये. पण बाईचा नूरच पालटला. तिनं रायफल हळूच उचलून मागच्या भिंतीला लावली आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, बायको गेली. मुलगा? तो व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. तुम्हाला झोप लागते का? आता रायफल विकताना झोपेची चौकशी कशाला? पण गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायची इथली पद्धतच आहे, म्हणून मीही सांगितलं की पहाटे जाग येते ती येतेच.

शेवटी म्हणाली, आज सिस्टिम बंद आहे, विकता येणार नाही. तुम्ही ज्यांच्याबरोबर शिकारीला जाणार त्यांना घेऊन या. शेजारच्या काउंटरवर मात्र एका पोराला बंदूक मिळत होती! मी ते बोलूनही दाखवलं. त्यावर तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि दुकानाच्या कार्डामागे एक नंबर लिहून दिला. कधीही करा, म्हणाली.

एका गिऱ्हाइकाबरोबर दुसरं ओढायची युक्ती, दुसरं काय. असो. उद्यापासून पितृपक्ष. तसंही या दिवसांत नवीन वस्तू घ्यायची नसते.

रविवार, ७ सप्टेंबर

निमिषचा फोन. मुलगा रविवारीच फोन करतो आणि गाडीतूनच करतो.

"बाबा, काय म्हणतोस? ऑल गुड?"

म्हटलं, ऑल गुड. एक गंमत सांगायची होती रे.

"एक मिनिट हं, एक्झिट आला. आन्या, से हाय टु आजोबा."

"हाय आजोबा. आय लॉस्ट अ टूथ."

मी विचारलं, कुठला गं? तेवढ्यात सुनेचा, आश्लेषाचा आवाज आला, पार्किंग मिळालं वाटतं. "बाबा, नंतर निवांत कॉल करतो," असं म्हणून त्यानं ठेवला. रायफलीचं राहून गेलं. बरंच झालं. तो हसला असता, किंवा हरकत घेतली असती. कॅम्पला जाऊन आल्यावरच सांगेन, खांद्यावर रायफल घेतलेला फोटो पाठवून.

सोमवार, १५ सप्टेंबर

अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. सवाष्ण जेवायला घालायची असते. प्रतिमाची मैत्रीण शैलजा येणार होती. मी सकाळपासून खपून वरणभात, भेंडीची भाजी, तांदळाची खीर केली. अकराला तिचा फोन आला. "देवदत्त, सॉरी हं, अगदी लास्ट मिनिटला क्लायंट मीटिंग आली. कॅन्सल करावं लागतंय यार. पुढच्या वर्षी नक्की." ती वाईट नाही. सोमवार आहे, लोकांना नोकऱ्या आहेत.

इंडियन ग्रोसरीतलं गोठवलेलं केळीचं पान गरम पाण्यानं मऊ केलं, त्यावर सगळं वाढलं आणि मागच्या डेकच्या पायरीवर ठेवून कावळ्याची वाट पाहत बसलो. इथे कावळे आहेत, पण त्यांना कुणी वळण लावलेलं नाही. एकही आला नाही. मग झाडीतून एक हरणी आली. कान फाटलेली. माझ्याकडे नीट पाहून घेतलं, भात खाल्ला, खीर चाटली, भेंडी वगळली आणि शेवटी केळीचं पानसुद्धा खाऊन गेली. प्रतिमालाही भेंडी आवडायची नाही.

आता आली का पंचाईत. नोव्हेंबरात मी गोळी कुणावर झाडायची?

आत आलो तर घर एवढं गप्प होतं की काहीतरी करावं म्हणून डार्लीनच्या कार्डावरचा नंबर लावला. सिस्टिम सुरू झाली का विचारू म्हटलं. एका तरुण मुलीनं उचलला. काय मदत करू, न विचारता कसे आहात म्हणाली. मी सिस्टिमचं विचारलं, तिला कळेना. दोनचार वाक्यांतच माझ्या लक्षात आलं की हा दुकानाचा नंबर नाही. जीव नकोसा झालेल्यांनी करायचा फोन होता तो. हसूच आलं. म्हटलं, बाई, चुकून लागला, मला तसलं काही नाही.

ती म्हणाली, छान. पण फोन ठेवायची घाई नाही, मी आहे.

फोन ठेवायला हवा होता. नाही ठेवला. हरणीचं सांगितलं, प्रतिमाचं सांगितलं. तिनं स्पष्ट शब्दांत विचारलं, जिवाचं काही करायचं मनात येतं का? मी नाही म्हटलं आणि ते खरं आहे. मग तिनं विचारलं, कुणाबरोबर बसून शेवटचं कधी जेवलात? आठवायचा प्रयत्न करत राहिलो, आणि ती बिचारी पलीकडे थांबून राहिली.

आता लिहितानाही आठवत नाही. फार एकटं वाटतं आहे. हे लिहून टाकलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं.

शनिवार, २० सप्टेंबर

रायफल कुलपात ठेवायची म्हणजे लोखंडी कपाट हवं. ते आणलं, पण बसेना. जागा एकाच ठिकाणी होती, प्रतिमाच्या कपड्यांच्या कपाटात. दीड वर्ष ते दार उघडलं नव्हतं. आज उघडलं. साड्या एकेक करून घड्या घातल्या, डांबरगोळ्या काढल्या आणि दोन खोक्यांत भरून आश्लेषाच्या नावे पाठवून दिल्या. प्रतिमाच्या पाटल्याही त्यातच घातल्या. माझ्याकडे पडून काय उपयोग? वर चिठ्ठी ठेवली, 'तुझ्या आणि आन्याच्या उपयोगी पडतील. मला आता लागणार नाहीत.' पोस्टातल्या माणसानं विचारलं, मौल्यवान आहे का काही? विमा उतरवला.

मोकळं कपाट पाहून रडू आलं. नंतर त्यात लोखंडी कपाट अगदी मापात बसलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

घेतली! वॉल्टरला घेऊन गेलो. त्याला पाहताच डार्लीनचा चेहरा उजळला. ती त्याला ओळखत होती. "हा तुमच्या कॅम्पचा आहे?" "रॉयची कॉट याला दिली आहे," वॉल्टर म्हणाला. आज सिस्टिम सुरळीत होती. तपासणी झाली, सह्या झाल्या, आणि तिनं न विचारता वीसच्या दोन पेट्या पुढ्यात ठेवल्या. "सुटी मिळत नाहीत, डेव्ह. आणि एकानं भागणारही नाही. दुर्बीण जुळवायलाच अर्धी पेटी जाते." हे तिनं त्या दिवशीच सांगितलं असतं तर!

दुपारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. कानाला बोळे, त्यावर कानपट्टे. पहिल्या गोळीला डोळे मिटले, ती कुठे गेली देव जाणे. वॉल्टर म्हणाला, श्वास सोड, थांब, मग दाब. संध्याकाळपर्यंत कागदावरची भोकं एका बशीत मावतील इतकी जवळ आली. परत येताना त्यानं बोल्ट काढून कसा पुसायचा ते शिकवलं. एक खिट्टी दाबली की तो अख्खा हातात येतो. मग रायफल म्हणजे नुसती नळी, तिनं फार तर वाळत घातलेले पापड राखावेत.

तक्ता चुकला नव्हता. तिसरी गुणीच निघाली.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. शस्त्रांची पूजा. दरवर्षी आम्ही स्क्रूड्रायव्हर, विळी आणि लॅपटॉपची करायचो. यंदा प्रथमच घरात खरं शस्त्र! पाटावर प्रतिमाचं उरलेलं एक रेशमी वस्त्र घातलं, वर रायफल आडवी ठेवली, दस्त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे निरांजन. तिच्याच फोटोखाली मांडलं, कारण बैठकीत तेवढीच सपाट जागा आहे. सोवळं नेसलो होतो. देखावा इतका सुरेख झाला की राहवेना. फोटो काढून निमिषला पाठवला. सरप्राइज नोव्हेंबरपर्यंत टिकलं नाही. खाली लिहिलं, 'खंडेनवमीच्या शुभेच्छा. सुखी राहा.'

मग फोन चार्जिंगला लावून जेवलो आणि पडलो. दुर्बिणीच्या काचेवर कुंकू उडालं होतं, ते पुसण्यात उरलेली दुपार गेली. फोन उघडला तर निमिषचे एवढे कॉल! परत लावला तर लागेना. गाडीत असेल.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

काल दिवेलागणीला, मी वही मिटतो न मिटतो तोच दार वाजलं. वॉल्टर होता. निमिषनं त्याचा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "तुझ्या मुलानं मला इथे बसायला सांगितलंय," म्हणाला आणि बसला. आम्ही रमीचे चार डाव खेळलो. मग निमिषच आला. अ‍ॅशबर्नहून थेट, ऑफिसच्या कपड्यांत. बूटही काढले नाहीत. मला घट्ट धरलं आणि सोडेचना. मी म्हटलं, अरे, दसरा उद्या आहे.

तो वॉल्टरशी दारात दोन शब्द बोलला, मग आत गेला. मी मागोमाग गेलो. आईच्या कपाटासमोर पलंगाच्या कडेला बसला होता.

"बाबा, आईचं सगळं देऊन टाकलंस?"

"साड्या आणि पाटल्या. जागा हवी होती."

"कशाला?"

"रायफलला."

"आणि ती चिठ्ठी? मला आता लागणार नाहीत म्हणून?"

"मी नेसणार आहे का त्या?"

तो हसला नाही. "खरं सांग. तू ठीक आहेस?"

"गुडघे सोडले तर ठीक."

मग कॅम्पचं सगळं सांगितलं. रॉयची कॉट, पत्ते, सुटं काडतूस, फाटक्या कानाची हरणी. त्या मुलीच्या फोनचंही सांगितलं. म्हटलं, बघ, लोक कसले गैरसमज करून घेतात! त्यावर तो उठून गॅरेजमध्ये गेला. तिथे त्याला काय हवं होतं कळलं नाही. बऱ्याच वेळानं आला तेव्हा डोळे लाल होते. तिथे धूळ फार साचली आहे.

आज त्यानं सुट्टी टाकली. सकाळी आम्ही सोनं लुटलं. इथे आपटा नाही, पण इथल्या रेडबड झाडाची पानं आपट्याच्याच नात्यातली दिसतात. निमिषनं लहानपणी करायचा तसा वाकून नमस्कार केला. दुपारी श्रीखंड-पुरी. पुऱ्या मी लाटल्या, त्यानं तळल्या. एकही फुगली नाही. तो तीन खाऊन म्हणाला, "बाबा, तुझ्याशी बोलायला मी थांबतच नाही ना?" मी म्हटलं, तुला कामं असतात. तो म्हणाला, "असतात. तरी."

रविवार, ५ ऑक्टोबर

निमिष गेला. जाण्याआधी म्हणाला, रायफल दाखव. मी खिट्टी दाबून बोल्ट काढून दाखवला, वॉल्टरनं शिकवल्याप्रमाणे. त्यानं तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि आपल्या रुमालात गुंडाळला.

"हा माझ्याकडे राहू दे. सीझनला मी घेऊन येतो. मीच तुला कॅम्पला सोडतो."

"आणि सरावाला?"

"सरावालाही मी येतो. दर दुसऱ्या शनिवारी. आन्याला घेऊन. ती तेवढा वेळ शेजारी थांबेल, वॉल्टरच्या बायकोशी खेळत."

बोल्ट त्यानं खिशात टाकला आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. त्याला वाटतं, तो का नेतोय ते मला कळलं नाही. वाटू दे. एवढी वर्षं क्वालिटीत काढली, माणूस कशाची काळजी घेतो आहे हे त्याच्या हातांवरून कळतं. आधी राग आला. मी काय लहान आहे? मग ती मुलगी फोनवर थांबली होती ते आठवलं, आणि मी त्याला डब्यात पुऱ्या बांधून दिल्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उद्या सीझन उघडतो. सामान दारात मांडलं आहे. नारिंगी जाकीट, लोकरी मोजे, पत्त्यांचा नवा जोड, लिंबाचं लोणचं. हरणीवर गोळी झाडणार नाही हे वॉल्टरला सांगून टाकलं. तो म्हणाला, रॉयनंही शेवटच्या दहा वर्षांत झाडली नाही, तो फक्त सूप छान करायचा. मला आमटी येते.

दुपारी तो कुंपणापाशी आला. "डेव्ह, तुझा पोरगा त्या बोल्टसाठी एवढ्या लांबून दर वेळी गाडी हाकत येतो. कंपनीला कळवलं तर दुसरा बोल्ट पाठवतात. फार पडत नाही. मागवू का?"

मी म्हटलं, नको. या मॉडेलला दुसरा बसत नाही.

वॉल्टरला रायफलीतलं माझ्यापेक्षा पुष्कळ कळतं. त्यानं टोपी मागे सारून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरंय. हिला नाही बसत."

निमिषचा मेसेज आला आहे, वाटेतलं रिचमंड सोडलं म्हणून. आन्याही येते आहे, तिला नवा दात आला आहे तो दाखवायचा आहे. वरणाचा कुकर लावायला हवा. डाळ तिघांची घ्यायची म्हणजे किती, ते दर वेळी विसरतो.